त्र्याहत्तरावा दिवस

हर्षद तिसऱ्यांदा "सर, थोडं डावीकडे" म्हणाला तेव्हा मी खुर्चीतून उठलो आणि आत जाऊन चहा टाकला. माझ्याच घराच्या ओटीवर मी सकाळपासून डावीकडे सरकत होतो. अजून थोडा सरकलो असतो तर पायरीवरून खाली गेलो असतो.

तो मागोमाग स्वयंपाकघरात आला. "सर, रागावलात?"

"नाही. चहा करतोय."

"ते भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोची काच चमकतेय. फोटो जरा काढून ठेवला तर तुम्हाला सरकायला लागणार नाही."

"फोटो राहील. तुझा लाइट काढ."

त्याने लाइट काढला. माझ्यावर फिल्म करायला आलेला हा मुलगा वाईट नाही. पण त्याला वाटतं की माणसाला सारखं कुठेतरी सरकवलं की फिल्म होते.

माझं काम बोलण्याचं. बेचाळीस वर्षं मी पक्षी, साप, खेकडे, माकडं यांच्या फिल्ममागे बोललो. मला तोंडावरून कोणी ओळखत नाही, आवाजाने ओळखतात. कर्जत स्टेशनवर तिकीट मागितलं की खिडकीतला माणूस मान वर करून बघतो. माझा जन्म लोधिवलीचा, घर शेतकऱ्याचं. माझ्याकडे आवाज होता, शब्द नव्हते. शब्द दुसरे लिहायचे आणि मी बोलायचो. आता स्वतः लिहितोय तर ते असंच येणार.

माझी बायको रूपा जाऊन आठ महिने झाले. ती पळसदरीच्या शाळेत मास्तरीण होती, म्हणून आम्ही इथे घर बांधलं. तिच्यानंतर दोन महिन्यांनी एका चॅनेलचा फोन आला की तुमच्या कारकिर्दीवर तासाभराची फिल्म करायची आहे. मी आधी नाही म्हणालो. मग विचार केला आणि हो म्हणालो. हो म्हणण्याचं कारण एकच होतं. मला एक वाक्य दुरुस्त करायचं होतं.

एकोणतीस वर्षांपूर्वी मी राखी धनेश या पक्ष्यावर एक फिल्म केली, नुसता आवाज नाही, अख्खी फिल्म माझी. पळसदरीच्या धरणामागे एक जुना बेहडा होता. त्याच्या ढोलीत धनेशाची मादी बसली होती. ही मादी अंडी घालायला ढोलीत शिरते आणि आतून दार लिंपून घेते, फक्त चोचीपुरती फट ठेवते. आत तिची पिसं झडतात, उडता येत नाही. दोन-अडीच महिने नर बाहेरून फळं आणतो आणि फटीतून भरवतो. तो आला नाही तर आत उपाशी आणि बाहेर पडली तर मांजराच्या तोंडी.

फिल्मचं शेवटचं वाक्य होतं, "त्र्याहत्तराव्या दिवशीही तो आला." त्या वाक्याने मला नाव दिलं. लोकांनी ते लग्नपत्रिकेवर छापलं. एका मंत्र्याने सहकारी बँकेच्या उद्घाटनात वापरलं, का ते मला अजून कळलेलं नाही.

ते वाक्य खोटं होतं. तो नर अठ्ठेचाळिसाव्या दिवशी विजेच्या तारेला चिकटून मेला.

मी तेव्हा मुंबईत होतो. रूपाला मे महिन्याची सुट्टी होती. तिच्या शाळेत पाणी भरणारी सुंदरा सकाळी मेलेला पक्षी पदरात घेऊन आमच्या दारात आली. मी रविवारी पोचलो तेव्हा या दोघी आमच्या कॅमेऱ्याच्या मचाणावर उभ्या होत्या. हातात लांब बांबूची काठी, काठीचं टोक चिरलेलं, चिरेत उंबर अडकवलेलं. ते फटीशी धरायचं, मादीने चोचीने ओढून घेतलं की काठी खाली आणायची आणि पुढचं उंबर लावायचं. रूपाने माझी जुनी पँट घातली होती.

मी म्हणालो, "रूपा, फिल्म गेली."

ती म्हणाली, "मादी आहे ना अजून. तुमच्या फिल्मचं तुम्ही बघा."

मग मी माझ्या फिल्मचं बघितलं. नराचे आधीचे शॉट भरपूर होते. ते पुढे जोडले. पक्ष्याच्या अंगावर तारीख नसते. त्र्याहत्तराव्या दिवशी मादी दार फोडून बाहेर आली, ते आम्ही टिपलं, सामान बांधलं आणि गेलो.

फिल्म टीव्हीवर लागली तेव्हा रूपा हसली. "म्हणजे तो नर मी का?" इतकंच म्हणाली. नंतर कोणी घरी येऊन त्या वाक्याचं कौतुक करायला लागलं की ती उठून आत जायची. गेल्या वर्षी दवाखान्यात तिच्या डॉक्टरांनी माझा आवाज ओळखला. खाटेपाशी उभे राहून त्यांनी ते वाक्य तिला म्हणून दाखवलं, वर सांगितलं, "बघा आजी, तुमचे आजोबा पण रोज येतात." रूपा माझ्याकडे बघून म्हणाली, "सांगा ना त्यांना." मी सांगितलं नाही. डॉक्टर घाईत होते, असं मी मनाशी म्हटलं. त्यानंतर नवव्या दिवशी ती गेली.

म्हणून मला सांगायचं होतं. त्याच आवाजात, टीव्हीवर.

चहा घेताना मी हर्षदला सगळं सांगितलं. त्याने कप खाली ठेवला.

"सर, हे जबरदस्त आहे. पण स्टोरीला जड जाईल."

"का?"

"लोकांचं त्या वाक्यावर प्रेम आहे सर. आमचं टायटलच ते आहे. 'तो आला'."

"तो नव्हता आला."

"हो, कळलं. पण मग..." तो विचार करायला लागला आणि मला भीती वाटली, कारण त्याचा विचार चेहऱ्यावर दिसतो. "आपण असं करू. एक ॲक्ट्रेस घेऊ. नऊवारी, डोक्यावर पदर, मागे सूर्य. ती काठी वर धरते. तुम्ही काही बोलायचंच नाही."

"ती माझी पँट घालून चढायची."

"पँट?"

"खाकी. गुडघ्यावर फाटलेली."

मग त्याला अजून एक सुचलं. "आणि सर, शेवटी आजारपणात तुम्ही मॅडमना भरवलं असेल ना? म्हणजे बघा, तेव्हा त्यांनी पक्ष्याला, आता तुम्ही त्यांना. सर्कल पूर्ण!"

"मी नाही भरवलं. मी सांडायचो. ती म्हणायची, नर्सला बोलवा, तुम्ही पेपर वाचा. मी पेपर वाचायचो."

"असं... असं नको सांगायला."

मला त्याच्या डोक्यात चहा ओतावासा वाटला. पण तेवढ्यात त्यानेच गरजेचं बोलणं काढलं. चॅनेलने जुन्या फिल्मची प्रत मिळवली होती, पण तिला बुरशी लागलेली. चित्रावर डाग, आवाज फाटलेला. माझ्याकडे मूळ टेप असेल का?

टेप होती, कापाकापीच्या आधीची. आमच्याकडे पावसाळ्यात चपलांना बुरशी येते, भिंतीवर उगवते, टेपचं काय घेऊन बसलात. माझ्या बाकीच्या सगळ्या टेपा तशाच गेल्या. ही एक रूपाने प्लॅस्टिकमध्ये बांधून तांदळाच्या पिंपात तळाशी ठेवली होती. तांदूळ ओल खेचून घेतो म्हणायची. दरवर्षी नवा तांदूळ आला की पिंप रिकामं करायची, टेप पुसायची, परत तळाशी ठेवायची, वर तांदूळ ओतायची. एकोणतीस वेळा केलं असेल. मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. ती गेल्यापासून मी किलोची पिशवी आणतो. पिंपात तिने भरलेला तांदूळ अर्धा तसाच आहे.

मी हात घालून टेप काढली.

"सर, परत एकदा?" हर्षद म्हणाला. "कॅमेरा चालू नव्हता."

टेप परत खाली घातली. परत काढली.

"सर, हात तांदळात जाताना क्लोज हवाय. घड्याळ काढाल?"

घड्याळ काढलं. चौथ्या वेळी टेप काढली तेव्हा माझ्या बाहीत, खिशात, चपलेत तांदूळ होता. मी टेप त्याच्या हातात दिली नाही.

"एक अट आहे. नर अठ्ठेचाळिसाव्या दिवशी मेला आणि पुढे रूपाने चारलं, हे मी माझ्या तोंडाने सांगणार. ते फिल्ममध्ये राहणार."

"करू ना सर. बघू."

"बघू नको. करू म्हण."

"करू," तो म्हणाला, आणि टेप घेऊन गेला.

तीन दिवसांनी त्याचा फोन आला. आवाज पडलेला. चॅनेलच्या मॅडमना पटत नव्हतं. त्यांचं म्हणणं, कारकिर्दीचा गौरव करायचाय, चौकशी नाही करायची. त्यांना जुनंच वाक्य स्वच्छ आवाजात परत हवं होतं.

"मी ते म्हणणार नाही."

"सर, मी सांगितलं त्यांना. तर त्या म्हणाल्या..." तो अडखळला. "त्या म्हणाल्या, सरांच्या आवाजाचे चाळीस तास आपल्याकडे आहेत. मशीनला दिले की मशीन म्हणेल ते वाक्य. कोणाला कळणार पण नाही."

बेचाळीस वर्षं या आवाजावर घर चाललं, आणि आता तो माझ्याशिवाय खोटं बोलू शकत होता.

"तू काय म्हणालास?"

"मी म्हणालो, आधी टेप बघतो. शनिवारी येतो सर."

शनिवारी हर्षद कॅमेऱ्याची माणसं घेऊन परत आला आणि मला धरणामागे घेऊन गेला. बेहडा आता नाही. तिथे कोणाचा तरी फार्महाऊस झालाय, पोहायचा तलाव आहे, आत मोठ्याने गाणी चालली होती. हर्षदने मला तिथून दोनशे पावलांवर एका सावरीखाली उभं केलं.

"सर, वर बघा. जणू ढोलीकडे बघताय."

"ही सावर आहे."

"हो, पण लाइट इथे छान आहे."

"हिला काटे आहेत. बेहड्याला काटे नसतात. ज्याला कळतं तो हसेल."

"कोणाला कळतं सर? झाड झाड असतं."

मेलेल्या नराचे शॉट जोडताना आमचा कॅमेरामन नामा असाच कुरकुरत होता, आणि मी त्याला म्हणालो होतो, पक्षी पक्षी असतो. मी वर बघितलं. त्यांनी शॉट घेतला.

घरी आलो तर सुंदरा ओटीवर बसली होती. मीच तिला निरोप पाठवला होता. आता तिची सत्तरी जवळ आली, गुडघे धरलेत. पण तोंड चांगलं चालतं.

"काय ओ सायेब, सिनेमा काढताय म्हनं? आन मला आत्ता बोलावताय?"

"तुझी साक्ष हवी म्हणून बोलावलं."

"साक्ष? चोरी केलीत का?"

"केली. तुला माहीत आहे."

तिने माझ्याकडे बघितलं आणि पदराने पायरी पुसून सरकून बसली. "बसा. उभं ऱ्हाऊन काय चोरी कबूल करतंय?"

हर्षदने लॅपटॉप आणला. "सर, टेप साफ करून घेतली. शेवटाच्या आधी नऊ मिनिटं आहेत, फिल्ममध्ये कधी न आलेली. तुम्ही बघितली असतील."

मी बघितली होती. ती मीच कापायला लावली होती. ढोलीची फट, फटीत चोच, आणि डावीकडून थरथरत आत येणारी काठी. काठी दिसली की फिल्म खोटी पडली असती. पण मी तेव्हा फक्त चित्र बघितलं होतं. आमच्या कामात चित्राबरोबरचा आवाज कोणी ऐकत नाही. त्यात वारा असतो, माणसांचं खोकणं असतं. तो बंद करून बघायचं आणि पक्ष्यांचे आवाज नंतर वरून घालायचे. कामाची पद्धतच ती.

हर्षदने आवाज मोठा केला.

वारा ऐकू आला. मग रूपा.

"नामा, बाजूला हो बरं. तुझं डोकं मध्ये येतंय."

नामा म्हणाला, "वहिनी, काठी फ्रेममध्ये येते."

"येऊ दे. तिला भूक लागलीय, तुला शॉट लागलाय." मग आवाज बदलला, वर्गातल्या लहान मुलाशी बोलावा तसा. "घे गं बाई. घे. सुंदरा, अजून वर धर ना, किती हलवतेस."

"हात दुखत्यात बाई!" हा सुंदराचा आवाज, तरुणपणीचा, आणि मागे हसणं.

"माझे नाही दुखत का? घे गं. एवढं घे, मग आम्हाला जेवायला जाऊ दे."

चोचीने उंबर ओढून घेतलं. चित्र संपलं.

सुंदरा लॅपटॉपच्या काळ्या काचेकडे बघत म्हणाली, "मी कुठं हलवत व्हते? त्याच हलवायच्या."

"परत लाव," मी हर्षदला म्हणालो.

त्याने परत लावलं. मी म्हणेन तितक्या वेळा लावलं, एकदाही काही सुचवलं नाही. मग हळूच म्हणाला, "सर, काल चॅनेलच्या मॅडमना दाखवलं. त्यांनी होकार दिला. मशीन वगैरे काही नाही. तुम्ही म्हणाल ते जाईल."

"कशा काय वळल्या?"

तो इकडेतिकडे बघायला लागला. "त्या म्हणाल्या, प्रोमोला मस्त जाईल. 'एका दिग्गज आवाजाची कबुली.' खाली घड्याळ टाकणार, किती तास उरले त्याचं."

मला संताप आला. दवाखान्यातल्या खाटेपाशी जे मी सांगितलं नाही, ते आता घड्याळ लावून विकणार. पण दुसरी वाट मला दिसत नव्हती, आणि मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे.

"कबुली तर कबुली. चल."

"फक्त सर, बोलताना जर थोडे डोळे..."

"डोळ्यांचं सांगू नकोस. मी आवाजाचा माणूस आहे."

आतल्या खोलीत आम्ही भिंतींना रूपाच्या गोधड्या टांगल्या, आवाज घुमू नये म्हणून. पूर्वीही घरी काही बोलायचं असलं की तीच टांगायची. मी माइकसमोर बसलो. सुंदरा दारात खाली बसली, तिला हलायचं नाही असं हर्षदने बजावलं. कागद नव्हता. मी बोललो.

"अठ्ठेचाळिसाव्या दिवशी नर मेला. ते मी तुमच्यापासून लपवलं. त्यानंतरचे पंचवीस दिवस माझी बायको रूपा आणि तिची मैत्रीण सुंदरा यांनी काठीने उंबरं चारून त्या मादीला जगवलं. त्र्याहत्तराव्या दिवशी मादी बाहेर आली. तो आला, असं मी म्हणालो होतो. तो आला नव्हता."

हर्षदने अंगठा वर केला. "एकच नंबर सर. एका टेकमध्ये."

"पंचवीस कुठले?" सुंदरा दारातून म्हणाली.

"आजी, श्शू, अजून चालू आहे."

"चालू हाय तर बरंच हाय. पंचवीस नाय. पोरांचं काय?"

"कसली पोरं?" मी विचारलं.

"आता बगा! कसली म्हंजे? पाखराची. आई भाईर आली, पोरं आतच व्हती. दोगं. त्यांनी परत दार लिंपलं. बाप मेलेला, एकटी आई किती आननार? तुमी त्येच दिशी सामान बांधून गेलात. आमी नाय सोडलं. शाळा उघडायच्या आदल्या दिशी उडाली पोरं, तवा बाईंनी काठी खाली ठेवली."

आई बाहेर आल्यावर पिल्लं पुन्हा दार लिंपून घेतात, हे मला माहीत होतं. मी ते त्याच फिल्ममध्ये सांगितलंय. माझ्याच आवाजात आहे. पण त्या पिल्लांना नंतर चारलं कोणी, हे एकोणतीस वर्षांत एकदाही माझ्या मनात आलं नाही. त्या दिवसांत मी मुंबईहून घरी रोज फोन करत होतो. काय करतेस विचारलं की रूपा म्हणायची, "चाललंय." मग मी तिला एडिटिंगचं सांगायचो.

"मला कधी बोलली नाही ती," मी म्हणालो.

"तुमी इचारलं का?"

हर्षद हेडफोन काढून उभा होता. "सर, तरी आधीचा टेक मस्त आहे हो. पंचवीस ऐकायला पण बरं वाटतं. तोच ठेवू?"

"मस्त असेल. बरोबर नाही."

"सर, प्रेक्षकाला काय फरक पडतो..."

"हर्षद, खाली बस आणि मशीन चालू कर."

तो बसला. मी सुंदराकडे वळलो. "आई बाहेर आल्यावर किती दिवस? नीट आठवून सांग."

तिने बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवला, एकदा चुकली, परत पहिल्यापासून मोजलं. "बारा."

"नक्की?"

"बाराव्या दिशी काठी परसात टाकली. पुढं तुमी तिच्यावर चड्ड्या वाळत घातल्यात."

ती काठी अजून मागच्या परसात आहे. टोक चिरलेलं आहे, तिथे रूपाने सुतळी गुंडाळलीय. मला वाटायचं कपडे अडकू नयेत म्हणून.

मी पाणी प्यायलो. माइक थोडा जवळ घेतला. हर्षदने लाल दिवा लावला आणि या वेळी मला डावीकडे सरकायला सांगितलं नाही.

"अठ्ठेचाळिसाव्या दिवशी नर मेला," मी सुरुवात केली. "त्यानंतरचे सदतीस दिवस..."